पदवीचें चौथें वर्ष

हल्लीं मे-जूनच्या सुमारास सुशिक्षित घरांतून एक नवाच प्रश्न ऐकूं येऊं लागला आहे. शास्त्रशाखेच्या मुलानें अगर मुलीनें तीन वर्षांनीं पदवी घेऊन मोकळें व्हावें, कीं आणखी एक वर्ष राहून 'संशोधनासह ऑनर्स' ही पदवी घ्यावी, हा तो प्रश्न होय. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ही वाट मोकळी केली आणि विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ च्या डिसेंबरांत तिची आंखणी प्रसिद्ध केली. पहिल्या सहा सत्रांत शेंकडा ७५ अगर अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षीं एखाद्या अध्यापकाच्या देखरेखीखालीं संशोधन करून प्रबंध लिहितां येतो; चार वर्षांच्या एकंदर १६० श्रेयांकांपैकीं १२ श्रेयांक त्या कामास असतात. कागदावर हें सारें सोपें दिसतें. परंतु संशोधन म्हणजे काय, तें वीस वर्षांच्या पोरांना झेपतें काय, आणि त्या वर्षांत घरानें काय करावयाचें असतें, याविषयीं आईबापांच्या मनांत बराच अंधार असतो. तो थोडासा तरी दूर व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें कुटुंब एकत्र आहे. आम्ही तिघे भाऊ, मातोश्री, बायकामुलें असा अकरा माणसांचा परिवार एकाच चुलीवर जेवतो. धाकट्या बंधूंची कन्या गतवर्षीं जीवशास्त्र घेऊन तिसऱ्या वर्षाची परीक्षा उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाली, आणि "मला चौथें वर्ष करावयाचें आहे, फळमाशीवर काम करणार," असें तिनें रात्रीच्या जेवणाच्या वेळीं जाहीर केलें. त्यावर आमच्याकडे जी चर्चा झाली ती पुष्कळ घरांतून होत असेल. तिचे वडील एका बँकेंत हिशेबतपासणीचें काम करतात. त्यांचें म्हणणें, वर्ष फुकट जाईल. त्यापेक्षां सरळ एम्.एस्सी.स नांव घालावें. मधल्या भावजयीनें विचारलें कीं, प्रयोगशाळेंतून रात्रीं नऊ-नऊ वाजतां पोर एकटी परत कशी येणार? मातोश्रींनीं तिसराच प्रश्न केला: "दिवसाला किती माशा मारशील ग?" मुलीनें प्रश्न हंसण्यावारी नेला नाहीं. "आजी, नक्की सांगतां यायचें नाहीं, पण शंभराच्या घरांत जातील," असें तिनें खरें तें सांगितलें. मातोश्री त्या वेळीं कांहीं बोलल्या नाहींत. तिन्ही प्रश्न रास्त होते, आणि तिहींचींही उत्तरें शोधणें हें घरांतील वडील माणूस या नात्यानें आमच्याकडे आलें.

पहिला प्रश्न हिशेबाचा. तीन वर्षांची पदवी व पुढें दोन वर्षांची एम्.एस्सी. मिळून पांच वर्षें होतात. नव्या आंखणींत चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचें ठेवलेलें आहे. म्हणजे तेंही पांचच. शिवाय २०२२ च्याच नियमांप्रमाणें चार वर्षांची पदवी शेंकडा ७५ गुणांनीं मिळविलेल्या विद्यार्थ्यास पीएच्.डी.च्या प्रवेशासाठीं थेट अर्ज करतां येतो. तेव्हां ज्या मुलाला पुढें शिकावयाचेंच आहे त्याचें वर्ष फुकट जात नाहीं. मात्र ज्याला तीन वर्षांनंतर नोकरी धरावयाची आहे अगर निराळ्या विद्येकडे वळावयाचें आहे, त्याला हें वर्ष खरोखरच ज्यादा पडतें. तसेंच एका वर्षाचा पदव्युत्तर वर्ग आपल्या पसंतीच्या विद्यापीठांत, आपल्या विषयांत चालूं आहे कीं नाहीं याची चौकशी आधीं करावी. एवढें आंकडे मांडून दाखवितांच आमचे बंधु थोडे निवळले. हिशेबी माणसाला हिशेबच पटतो.

परंतु खरा प्रश्न पुढेंच होता. पदवी न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या हातून संशोधन म्हणण्यासारखें कांहीं होतें काय? कीं गुरुजींच्या बाटल्या धुण्यांतच वर्ष सरतें? योगायोग असा कीं, या प्रश्नाचें जगांतील उत्तमांतलें उत्तर फळमाशीच्याच इतिहासांत आहे, आणि त्यांत बाटल्या धुणाराही आहे.

न्यूयॉर्क शहरांतील कोलंबिया विद्यापीठ आपल्या लोकांना अपरिचित नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं उच्च शिक्षणासाठीं तेथेंच गेले होते. त्याच काळांत त्या विद्यापीठाच्या शेर्मरहॉर्न हॉल नांवाच्या इमारतींत प्राणिशास्त्राची एक लहानशी खोली होती: सोळा फूट रुंद, तेवीस फूट लांब, आणि तींत आठ मेजें दाटीनें मांडलेलीं. दुधाच्या रिकाम्या बाटल्यांत पिकलीं केळीं घालून त्यांवर हजारों माशा पोसलेल्या. आपल्या स्वयंपाकघरांत फार पिकलेल्या केळ्यांभोंवतीं जीं चिलटें घोंघावतात, तसल्याच ह्या माशा. लांबी सुमारें तीन मिलिमीटर. दहाबारा दिवसांत अंड्यापासून पुनः माशी तयार. आणि पेशींत गुणसूत्रांच्या अवघ्या चार जोड्या. थोड्या जागेंत, थोड्या खर्चांत पिढ्यामागून पिढ्या डोळ्यांखालून घालतां याव्यात म्हणून प्रोफेसर टॉमस हंट मॉर्गन यांनीं त्या पाळल्या होत्या. १९१० सालीं तांबड्या डोळ्यांच्या माशांत त्यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. त्याच्या संततीचा हिशेब मांडतां मांडतां हा गुण लिंग ठरविणाऱ्या 'एक्स' गुणसूत्राशीं निगडित असल्याचें त्यांना दिसून आलें. या खोलीला पुढें 'माशांची खोली' असेंच नांव पडलें.

त्या खोलींत बसत कोण होतें तें पाहावें. १९०९ सालीं मॉर्गनसाहेबांनीं प्राणिशास्त्राच्या प्राथमिक वर्गाला आरंभींचीं व्याख्यानें दिलीं. कोलंबियांतील चोवीस वर्षांच्या कारकीर्दींत हें त्यांनीं एवढें एकदांच केलें. त्या वर्गांत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट आणि कॅल्व्हिन ब्रिजेस हे दोन विद्यार्थी बसलेले होते. स्टर्टेव्हंट हा अलाबामा प्रांतांतील शेतावर वाढलेला मुलगा. त्याचा थोरला भाऊ एडगर सोळा वर्षांनीं मोठा, ग्रीक-लॅटिन भाषांचा पंडित, आणि कोलंबियाशीं संलग्न अशा बार्नर्ड कॉलेजांत शिक्षक. या भावाच्या बिऱ्हाडीं राहून धाकटा शिकत होता. वडिलांच्या घोड्यांच्या वंशावळी लहानपणापासून लिहून ठेवण्याचा त्याला नाद होता. मेंडेलच्या अनुवंशशास्त्रावरील एक पुस्तक वाचून घोड्यांच्या रंगांचा उलगडा होतो असें त्याला वाटलें. "हें लिहून काढ आणि मॉर्गनना दाखव," असा सल्ला त्या थोरल्या भावानेंच दिला. मॉर्गननीं तो निबंध वाचून १९१० सालीं प्रसिद्ध करविला, आणि त्याच वर्षीं या पोराला माशांच्या खोलींत एक मेज दिलें. वाचकांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें कीं, भाषापंडित भावाला प्राणिशास्त्रांतलें फारसें कळण्याचें कारण नव्हतें. परंतु धाकट्याचा नाद कोणाच्या दारीं न्यावा तें त्याला कळलें. एकत्र कुटुंबांतील वडिलांचें काम याहून निराळें तें कोणतें?

ब्रिजेसची गोष्ट आणखी हृद्य आहे. तो लहानपणींच पोरका झालेला, आजीनें वाढविलेला, शिष्यवृत्तीवर शिकणारा. त्याला पोटासाठीं बाटल्या धुण्याचें काम दिलें होतें. एके दिवशीं धुवावयाच्या जाड कांचेच्या बाटलींतून नुसत्या डोळ्यांनीं त्याला एक माशी दिसली, तिचे डोळे इतरांहून निराळ्या, शेंदरासारख्या तांबड्या रंगाचे होते. मॉर्गननीं त्याची ती नजर ओळखली आणि त्याला आपला साहाय्यक केलें. १९१६ सालीं 'जेनेटिक्स' नांवाचें मासिक निघालें, त्याच्या पहिल्या अंकांतला पहिला निबंध ह्या बाटल्या धुणाराचा होता. आणि आनुवंशिक घटक गुणसूत्रांवरच असतात याचा पुरावा त्यानें त्यांत दिला होता. उलटपक्षीं स्टर्टेव्हंट हा रंगांधळा होता. तांबड्या-हिरव्याचा भेद त्याला नीट कळत नसे. माशांच्या डोळ्यांचे रंग पाहण्याच्या धंद्यांत ही केवढी अडचण! पण त्याची बुद्धि गणितांत चाले.

१९११ सालच्या अखेरीस मॉर्गनशीं बोलतां बोलतां स्टर्टेव्हंटला एक कल्पना सुचली. ती आम्हीं घरांत माळेच्या दाखल्यानें समजावून सांगितली, तशीच येथें सांगतों. एकाच गुणसूत्रावरील घटक हे एका दोऱ्यांत ओंवलेल्या मण्यांसारखे आहेत. बीजपेशी तयार होतांना जोडीच्या दोन माळा कोठें तरी एकाच ठिकाणीं तुटून एकमेकींचे तुकडे बदलून घेतात. आतां शेजारशेजारच्या दोन मण्यांच्या मध्येंच माळ तुटण्याचा प्रसंग क्वचित् येणार; लांबलांबच्या मण्यांच्या मध्यें तो वारंवार येणार. तेव्हां कोणते दोन गुण किती वेळां एकमेकांपासून फुटतात तें मोजलें, तर त्यांच्यामधलें अंतर काढतां आलें पाहिजे. त्या रात्रीं हा विद्यार्थी घरीं गेला, कॉलेजचा नेमून दिलेला अभ्यास बाजूला ठेवला, आणि खोलींतील जमलेले आंकडे घेऊन बसला. रात्र सरतां सरतां जगांतला पहिला गुणसूत्राचा नकाशा त्याच्या वहींत तयार झाला. १९१३ सालीं तो सहा गुणांच्या क्रमाविषयींच्या निबंधांत छापून निघाला. शेंकडा एक वेळ फुटणें म्हणजे एक माप. त्या मापाला आज 'सेंटिमॉर्गन' म्हणतात. पुढें मानवी रोगांचीं मूळस्थानें गुणसूत्रांवर शोधतांना शास्त्रज्ञ ज्या रीतीनें चालले, तिचा उगम एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या त्या रात्रींत आहे.

असें असलें तरी माशांची खोली म्हणजे कांहीं ऋषींचा आश्रम नव्हता. तेथील तिसरा बुद्धिमान तरुण हर्मन मुलर. यानेंही १९१० सालीं कोलंबियाचीच पदवी घेतली होती. बोलण्यांतून दिलेल्या आपल्या कल्पनांचें श्रेय आपणांस नीट मिळालें नाहीं ही सल त्याला दीर्घकाळ राहिली. पुढें १९४६ सालीं क्ष-किरणांनीं घडणाऱ्या उत्परिवर्तनाच्या शोधाबद्दल त्याला स्वतंत्र नोबेल पारितोषिक मिळालें. तथापि श्रेयाचा प्रश्न खोटा ठरला नाहीं. दुसऱ्या बाजूला मॉर्गनना १९३३ सालीं नोबेल मिळालें, तेव्हां त्यांनीं तें द्रव्य स्वतःच्या मुलांबरोबर ब्रिजेस व स्टर्टेव्हंट यांच्याही मुलांत वांटलें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मुलाला संशोधनास पाठविणाऱ्या घरानें दोन्ही ठाऊक ठेवाव्यात. आमच्या घरांतील स्त्रीवर्गाला आणखी एक गोष्ट विशेष आवडली. मॉर्गनांच्या पत्नी लिलियन या स्वतः शिकलेल्या प्राणिशास्त्रज्ञ. चार मुलें वाढवून तीं शाळेंत जाऊं लागल्यावर त्या पुनः प्रयोगशाळेंत आल्या, आणि एकमेकांस जोडलेलीं दोन 'एक्स' गुणसूत्रें असलेली माशी शोधून १९२२ सालीं त्यांनीं तो शोध प्रसिद्ध केला.

अशा कामाला पुढें अमेरिकेंत नियमित रूप आलें. १९६९ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत मार्गारेट मॅकव्हिकर यांनीं पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीं संशोधनाची योजना सुरू केली. १९८७ पासून तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान उन्हाळी संशोधनास पैसे देऊं लागलें. तेथील अनेक विद्यापीठांच्या जीवशास्त्र विभागांत विद्यार्थी मार्गदर्शक निवडून, शेवटच्या वर्षीं प्रबंध लिहून, अध्यापकांपुढें तो मांडून ऑनर्स मिळवितात. आपल्याकडेही नव्या धोरणापूर्वीं हें अगदींच नव्हतें असें नाहीं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें २००४ सालीं पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीं राष्ट्रीय उपक्रम काढला. २००६ सालीं पुण्यास आयसर ही संस्था स्थापन झाली, तिच्या पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत प्रबंधास महत्त्वाचें स्थान आहे. नवें एवढेंच कीं, आतां ही सोय साध्या कॉलेजांतील मुलांच्याही आवाक्यांत येऊं पाहत आहे.

आतां आमच्या पुतणीचें वर्ष कसें गेलें तें सांगतों. तिचा प्रश्न लहानसाच होता: अन्नांत साखर वाढविली तर माशीची अळी पुरी वाढण्यास अधिक दिवस लागतात काय? श्रावणांत हवेच्या दमटपणामुळें निम्म्या नळ्यांना बुरशी लागली आणि दीड महिन्याचें काम टाकून द्यावें लागलें. पुनः आरंभ केला. पहिल्या खेपेस अपेक्षेप्रमाणें फरक दिसला. घरांत पेढे आले. दुसऱ्या खेपेस फरक निम्म्यावर आला. तिसऱ्या खेपेस जवळजवळ नाहींसा झाला. शोध करतां असें आढळलें कीं, पहिल्या खेपेस साखरेच्या नळ्यांत अंडीं जास्त पडलीं होतीं. अळ्यांची दाटी झाली म्हणजे त्यांची वाढ आपोआपच लांबते; मग लांबली ती साखरेनें कीं गर्दीनें?

प्रबंध द्यावयास सहा आठवडे उरले होते. बरोबरच्या कोणी विद्यार्थ्यानें तिला सल्ला दिला कीं, तिसरी खेप गाळून टाक, कोण विचारतो? त्या रात्रीं मुलगी जेवली नाहीं. तिचे वडील तिच्याजवळ जाऊन बसले. ज्यांनीं हें वर्ष फुकट जाणार म्हटलें होतें तेच हे गृहस्थ. त्यांनीं सारी वही शेवटपर्यंत चाळून पाहिली. माशांतलें त्यांना कांहीं कळत नाहीं. पण आंकड्यांचे रकाने कळतात. पाहून झाल्यावर ते म्हणाले, "बाळ, खतावणींत जें आहे तेंच ताळेबंदांत यायचें. एक रकाना गाळलास तर बाकीचे सारे खोटे होतात." मुलीनें तिन्ही खेपा लिहिल्या, दाटीचा संशयही लिहिला, आणि उरलेल्या दिवसांत प्रत्येक नळींत सारखींच अंडीं मोजून घालून चौथी लहानशी खेप केली. फरक आढळला, पण तो फारच अल्प. निश्चयानें कांहीं सांगतां येत नाहीं असाच तिच्या प्रबंधाचा निष्कर्ष आहे. तोंडी परीक्षेंत तिला विचारलेल्या प्रश्नांपैकीं बहुतेक त्या दाटीविषयींच होते, आणि त्यांचीं उत्तरें तिच्यापाशीं होतीं. गुण चांगले मिळाले, अत्युत्तम नव्हेत. कोणत्याही मासिकांत तिचें नांव छापून आलेलें नाहीं.

मातोश्रींचा प्रश्न राहिला. कांहीं दिवस विचार करून त्यांनीं नातीला एवढेंच सांगितलें होतें: "मारावयाच्याच असतील तर मोजून मार, आणि लिहून ठेव. ज्यांचे जीव घेतेस त्यांचा हिशेब तरी असूं दे." आजकाल माशा कर्बद्विप्राणिद वायूनें अगर थंडीनें गुंगवून पाहतात, हें मुलीनें त्यांना सांगितलें, परंतु तिच्या वहींत रोज शेवटीं एक आंकडा मातोश्रींसाठीं म्हणून लिहिलेला असे. गुरुजींनीं तो रकाना पाहून विचारलें, आणि पुढें तो इतर विद्यार्थ्यांनाही ठेवावयास सांगितला; कारण किती माशा वापरल्या हें कळल्यावांचून प्रयोग दुसऱ्याला पुनः करून पाहतां येत नाहीं. रात्रीं परतण्याचा प्रश्न मधल्या बंधूंनीं सोडविला. आठवड्यांतून तीन दिवस ते स्वतः स्कूटर घेऊन दाराशीं जाऊन उभे राहत.

ज्या घरांत यंदा हा प्रश्न उभा आहे त्यांना अनुभवानें चार शब्द सांगावेसे वाटतात. विषयाच्या मोठेपणावर न जातां मार्गदर्शक पाहावा: तो आठवड्यांतून किती वेळ भेटतो, रोजचें काम कोण शिकवितो, त्याच्या पूर्वीच्या विद्यार्थ्यांना तो कसा वाटला. निबंध छापला गेल्यास नांवें कोणाचीं व कोणत्या क्रमानें येतील हें आरंभींच मोकळेपणानें विचारावें. त्यांत उद्धटपणा नाहीं. साहित्याचा खर्च कोणाकडे, रात्रीं प्रयोगशाळेंत दुसरें कोण असतें, हेंही विचारावें. वही शाईनें लिहावी, खोडूं नये, चूक झाली तर एक रेघ मारून पुढें जावें. आणि घरानें "निकाल काय लागला?" असें रोज विचारूं नये, "आज काय पाहिलेंस?" असें विचारावें. या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर असतेंच.

सर्वच मुलांनीं हें वर्ष करावें असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याला एकच गोष्ट दहादां करण्याचा कंटाळा आहे त्याला हें वर्ष जाच वाटेल, आणि तें तीन महिन्यांत कळून येतें. तेंही कळणें फुकट नव्हे. आमची पुतणी पुढें काय करील हें आज सांगतां येत नाहीं. एका वर्षाच्या पदव्युत्तर वर्गासाठीं तिनें अर्ज केला आहे; आपण शिक्षिका व्हावें असेंही मध्यें मध्यें तिच्या मनांत येतें. परंतु पूर्वी ती पुस्तकांतील वाक्य वाचून "असें असतें" म्हणत असे, आतां "हें कोणीं, किती वेळां पाहिलें?" असें विचारते. परवां वर्तमानपत्रांत कुठल्याशा चूर्णानें मधुमेह हटतो अशी जाहिरात आली होती. आमच्या भावजयीनें ती कापून ठेवली होती. मुलीनें तें कात्रण शांतपणें वाचलें, आणि किती रोग्यांवर, किती दिवस, व औषध न दिलेल्या लोकांचें काय झालें, असे तीन प्रश्न पेन्सिलीनें त्याच्या मागें लिहून ठेवले. भावजयीनें तें कात्रण अजून टाकलेलें नाहीं. पण चूर्णही मागविलेलें नाहीं.